पाळीव कासवाच्या हौदात आणि काठावर खाऊची लागवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणात, परसात किंवा गच्चीवर हौद करून कासव ठेवणाऱ्यांच्या मनात कधी ना कधी येतंच, की याच्या आजूबाजूला यालाच खाता येईल असं काहीतरी लावावं. विचार उत्तम आहे. पण कुठे काय लावायचं हे आधी ठरवलं नाही, तर महिनाभरात झाडंही जातात आणि हौदाचं पाणीही नासतं.

ही माहिती नेमक्या कोणत्या कासवासाठी आहे?

डोळ्यामागे लाल पट्टा असलेल्या, मत्स्यालयाच्या दुकानात 'रेड इअर्ड स्लायडर' नावाने मिळणाऱ्या पाणकासवासाठी. आपल्याकडे घरोघरी दिसतं ते हेच. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. कोणी हौसेने आणतं, कोणी वास्तूसाठी म्हणून. आणताना ते रुपयाच्या नाण्याहून थोडंच मोठं असतं. मादीचं कवच पुढे पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतं आणि नीट निगा राखली तर ते तीस वर्षंही जगतं. काचेच्या टाकीतून बाहेरच्या हौदात त्याला हलवावं लागतं ते यामुळेच.

तुमच्याकडचं कासव देशी असेल, म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं जमिनीवरचं कासव किंवा विहिरीत-शेततळ्यात सापडलेलं मऊ पाठीचं कासव, तर त्याच्यासाठी बाग करण्याचा प्रश्नच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ती संरक्षित आहेत आणि घरात ठेवणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, पुढचं ते सांगतील. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये नियम आणले आहेत; आपला प्राणी त्यात येतो का, तेही वनविभागाकडे विचारून घ्या.

बाजारात भाजी मिळते, मग एवढा खटाटोप कशाला?

पिल्लू असताना हे कासव मुख्यतः मांसाहारी असतं, पण वाढत जातं तसा त्याच्या आहारातला पाल्याचा वाटा वाढत जातो. आपण मात्र पहिल्या दिवशी दुकानदाराने दिलेला वाळलेल्या कोळंबीचा डबाच वर्षानुवर्षं आणत राहतो. त्यातून अ जीवनसत्त्वाची कमतरता होते. पापण्या सुजतात, डोळे उघडत नाहीत, कधी कानाजवळ गाठ येते. डोळे सुजलेलं कासव दिसत नाही म्हणून खात नाही, आणि खात नाही म्हणून आणखी खंगतं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, पशुवैद्याकडे न्या. पण मुळात ही वेळ येऊ नये यासाठी रोजचा ताजा हिरवा पाला लागतो. तो रोज मंडईतून आणला जात नाही. हाताशी उगवत असेल तर मात्र रोज घातला जातो.

दुसरं कारण फवारणीचं. बाजारच्या पालेभाजीवर काय मारलंय ते आपल्याला कळत नाही. घरच्या वेलावर काय मारलं नाही ते तरी नक्की माहीत असतं.

आणि तिसरं म्हणजे कासवाला उद्योग मिळतो. रताळ्याचं अख्खं पान पाण्यावर तरंगत सोडलं की ते आधी मान लांब करून निरखतं, मग कड तोंडात धरतं आणि पुढच्या पंजाने उरलेलं पान मागे ढकलत फाडतं. मऊ भाग संपतो, मधली शीर तेवढी तरंगत राहते. गोळीखाद्य दोन मिनिटांत संपतं, एका पानावर हा खेळ बराच वेळ चालतो.

लावलेलं सगळं उपटून टाकतं. काय करावं?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. झाड मुळं धरेपर्यंत कासव थांबत नाही. कमळाचा कंद कुंडीसकट उलटवतं, कोवळी रोपं तुडवतं. म्हणून वाढवायची जागा आणि चरायची जागा वेगळ्या ठेवा. रोपं, वेल, अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं) जे काही असेल ते कासव पोचणार नाही अशा टबांत आणि कुंड्यांत वाढू द्या. तयार झालं की हवं तेवढं हौदात टाका, किंवा भरलेली कुंडी दोन-तीन दिवस चरायला ठेवा आणि पार बोडकी व्हायच्या आत मागे घ्या. अशा दोन-तीन कुंड्या आलटून पालटून फिरवल्या की बाग टिकते.

हौदातच कायमची झाडं हवी असतील तर ती जाळीमागे लावा. हौदाच्या एका कोपऱ्याला जाळी बांधून आडोसा करायचा. जाळीतून बाहेर येईल तेवढं कासवाचं, आतलं झाडाचं. मूळ सुरक्षित राहिलं तर फांद्या परत फुटतात. जाळीच्या भोकात डोकं किंवा पाय अडकणार नाही, एवढी ती बारीक असावी, आणि कापलेल्या तारेची टोकं कासवाकडे नाही, झाडांच्या बाजूला वळवलेली असावीत.

काठावर मातीत लावलेलं ते खाईल का?

हे कासव अन्न गिळतं ते पाण्यातच. जमिनीवर त्याला घास गिळता येत नाही. काठावरचं पान तोडलं तरी ते ओढत पाण्यात नेतं, नाहीतर तिथेच टाकून देतं. त्यामुळे काठावर असं लावावं की जे वाढून पाण्यात झुकेल किंवा लोंबेल. हौदापासून दोन हात लांब सुंदर मेथीचा वाफा केला तर तो तुमच्या स्वयंपाकघराला उपयोगी, कासवाला नाही.

मग नेमकं काय लावावं?

पहिला मान रताळ्याच्या वेलाचा. मंडईतून आणलेलं रताळं कुंडीत पुरा किंवा वेलाचा तुकडा पाण्यात ठेवा, आठवड्याभरात मुळं फुटतात. वेल हौदाच्या काठावरच्या कुंडीत लावून शेंडे पाण्याकडे सोडायचे. कितीही खाल्ला तरी परत फुटतो. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात बारा महिने टिकतो. थंडीत वाढ मंदावते एवढंच.

दुसरी नाळीची भाजी. तळ्याकाठी चिखलात पसरणारी, पोकळ देठांची. पेराशी मुळं फुटतात, त्यामुळे पेर असलेला तुकडा चिखलाच्या टबात खोचला की काम झालं. ऊन आणि पाणी मिळालं तर ती इतकी वेगाने वाढते की कासवाला पुरून आपल्यालाही भाजी होते. मात्र स्वतःसाठी काढायची ती कासवाचं पाणी न लागलेल्या टबातूनच. ओढ्या-नाल्यातून तोडून आणू नका. ही भाजी सांडपाण्यातही जोमाने वाढते आणि त्यातलं सगळं शोषून घेते.

जास्वंदाची फुलं आणि कोवळी पानं दोन्ही चालतात. फांदी हौदावर झुकेल असं झाड असेल तर फूल आपोआप पाण्यात पडतं आणि कासव त्याची वाट बघायला शिकतं. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असतं, तोही अधूनमधून टाका. पाण्याखाली वाढणाऱ्यांत हायड्रिला आणि हॉर्नवर्ट सोप्या. त्या वेगळ्या टबात वाढवून मूठमूठभर हौदात सोडायच्या. उथळ कडेला नीरब्राह्मी लावता येते. कडवट असल्याने ती सहसा पूर्ण संपत नाही, आणि काठ हिरवा राहतो.

पाणी गाळण्यासाठी कर्दळ लावा. हौदाचं पाणी छोट्या पंपाने कर्दळीच्या टबात न्यायचं आणि तिथून परत हौदात सोडायचं. कासवाच्या विष्ठेतलं नत्र ती मजेत खाते. मी हे सर्वांना आवर्जून सांगते, कारण खाऊची लागवड केली की पाण्यात पाला कुजणारच, आणि नुसत्या फिल्टरवर तो भार पडू देऊ नये.

अझोला कसा वाढवायचा?

जनावरांसाठी शेतकरी अझोला करतातच, तोच छोट्या प्रमाणात करायचा. जुना टब किंवा विटांच्या चौकटीत अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद घ्या. तळाला चाळलेल्या मातीचा पातळ थर, वर पंधरा-वीस सेंटिमीटर पाणी, त्यात ओंजळभर जुनं कुजलेलं शेणखत कालवून दोन-तीन दिवस निवू द्या. मग मूठभर अझोला वर पसरा. बियाणं कृषी विज्ञान केंद्रात किंवा ओळखीच्या गोठ्यात मिळतं. जागा अर्धवट सावलीची हवी. या नेच्याच्या पानांत राहणारे सूक्ष्मजीव हवेतलं नत्र धरतात, म्हणून याला नत्रखताची गरज नसते, आणि मानवेल अशा हवेत तो आठवड्याच्या आत दुप्पट होतो. पृष्ठभाग भरला की तिसरा हिस्सा काढा, स्वच्छ पाण्यात दोनदा धुवा आणि हौदात टाका. न धुता टाकला तर शेणाचं पाणी हौदात जातं.

लालसर पडला तर ऊन जास्त होतंय किंवा स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतंय असं समजा. आधी सावली वाढवा, मग थोडं शेणखत घाला. विटकरी झालेला अझोलाही कासव खातं, फक्त त्याची वाढ थांबलेली असते.

जलपर्णी टाकली तर? फुकट मिळते आणि कासव खातंही.

टाकू नका. पुण्याची मुळा-मुठा असो की कोल्हापूरचा रंकाळा, जलपर्णीने काय केलंय ते आपण बघतोच आहोत. नदीतून उचललेली जलपर्णी पाण्यातले जड धातू साठवून असते, म्हणजे आपण शहराचं सांडपाणीच कासवाला भरवतो. वर तिचा एखादा तुकडा पावसात वाहून गेला, तर पुढचं कोणाच्या हातात राहत नाही. पाण्यावर तरंगणारं गोंडाळही (वॉटर लेट्यूस) नको, त्याच्या पानांत टोचणारे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक असतात.

पालक, माठ, चुका घरी भरपूर आहे. चालेल?

रोज नाही. यांत ऑक्झॅलेट जास्त असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि कवचाला लागणारं कॅल्शियम अंगी लागत नाही. चुक्याचा आंबटपणाच मुळी ऑक्झॅलिक आम्लाचा. महिन्यातून एखाद्या वेळी दोन पानं गेली तर काही बिघडत नाही. कोबी-फ्लॉवरचा पालाही रोजचा करू नये, त्याने थायरॉइडच्या कामात अडथळा येतो. मेथी, कोथिंबीर, लाल भोपळ्याची कोवळी पानं, किसलेलं गाजर हे बदल म्हणून चांगलं. कॅल्शियमसाठी हौदात समुद्रफेनाचा (कटलबोन) तुकडा तरंगत ठेवा, कासव हवं तेव्हा कुरतडतं.

अंगणातली कोणती झाडं काढून टाकावी लागतील?

सर्वांत आधी अळू. आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर, हौदाच्या कडेला अळू हमखास असतं, आणि 'आपण खातो, मग त्याला काय होतंय' असं वाटतं. आपण ते चिंच घालून, शिजवून खातो. कच्च्या अळवातले सुईसारखे स्फटिक तोंडात आणि घशात रुततात. मनी प्लांट, डिफेनबॅकिया, फिलोडेंड्रॉन यांतही तेच स्फटिक आहेत, आणि मत्स्यालयवाले मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडतात म्हणून लोक तो कासवाच्या हौदातही सोडतात. कण्हेर, पिवळी कण्हेर, अडेनियम, रुई, धोतरा, एरंड, घाणेरी ही तर हौदाच्या आसपासही नकोत. त्यांची गळलेली पानं-फुलं वाऱ्याने पाण्यात येतात. टोमॅटोचा आणि बटाट्याचा पालाही नको.

झाड ओळखू येत नसेल तर लावू नका. शेजारी 'चालतं' म्हणाले एवढ्यावर जाऊ नका.

माती, खत, खडे कसे असावेत?

साधी बागेची माती आणि गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत. रासायनिक खताचे दाणे नकोत. नर्सरीच्या मिश्रणात पांढरे हलके पर्लाइटचे कण असतात; ते पाण्यावर तरंगतात आणि कासव ते खाऊ समजून गिळतं. कुंडीवर माती धरून ठेवायला खडे घालायचे तर कासवाच्या डोक्याहून मोठे गोटेच घाला. छोटे रंगीत खडे पोटात जाऊन आतडं अडवतात.

नर्सरीतून आणलेलं रोप लगेच हौदाशेजारी ठेवू नका. त्यावर मुळांतून पानांपर्यंत जाणारं कीटकनाशक असू शकतं, ते धुऊन जात नाही. आणल्यावर माती बदला, दीड-दोन महिने वेगळं ठेवा, जुनी पानं काढून टाका, नवीन फुटलेली पानंच कासवाला द्या.

जास्वंदाला पिठ्या ढेकूण लागलाय. सेंद्रिय फवारणी चालेल ना?

सेंद्रिय आहे म्हणून ते कासवाला निर्धोक आहे असं नाही. दशपर्णी अर्कात कण्हेर, एरंड, रुई, घाणेरी अशाच विषारी वनस्पतींचा पाला असतो. पीक वाचतं ते त्यामुळेच. तंबाखूचं पाणी तर निकोटिनचं द्रावण. हौदाच्या वाऱ्यावर यातलं काहीही फवारू नका. पाण्याचा जोरदार फवारा मारा, जुन्या दातघासणीच्या ब्रशने ढेकूण खरवडा, फारच पसरलेली फांदी छाटून जाळा. मावा असेल तर फांदीच पाण्यात बुडवा.

उन्हाळ्यात आणि थंडीत काय बदलतं?

विदर्भ-मराठवाड्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा उथळ हौदाचं पाणी जीवघेणं तापतं. पाणी साधारण २४ ते २९ अंशांत असावं. हौद किमान दोन फूट खोल, निम्म्यावर हिरवी शेडनेट, आणि सावलीच्या बाजूला वेलाचा मांडव. इथे रताळं, दोडका, भोपळा असा कोणताही वेल कामी येतो. सगळाच हौद मात्र झाकू नका. ऊन शेकायला कोरडी, उन्हातली जागा लागतेच. त्या उन्हातूनच त्याला ड जीवनसत्त्व मिळतं. पाणी पूर्ण झाकेल इतका अझोलाही हौदात साचू देऊ नका.

निफाड-नाशिककडच्या थंडीत पाणी पंधरा अंशांच्या खाली गेलं की कासव खाणं जवळजवळ थांबवतं. तेव्हा पाला टाकत राहू नका. त्याने खाल्लेलंही पचत नाही आणि न खाल्लेला पाला हौदात कुजतो. पाणी फारच गार होत असेल तर त्याला आत घ्या.

पावसाळ्यात हौद भरून वाहतो. काळजी कशाची?

दोन गोष्टींची : कासव बाहेर जाण्याची आणि वनस्पती बाहेर जाण्याची. हे कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. ओढ्यात गेलं तर देशी कासवांचं अन्न आणि ऊन शेकायच्या जागा बळकावतं. म्हणून मृगाच्या आधी हौदाची भिंत पाण्याच्या पातळीपासून दीड फूट तरी वर आहे ना, तिची कड आतल्या बाजूला वळवलेली आहे ना, हे बघा. काठावरची कुंडी भिंतीला टेकलेली नसावी, तिच्यावर चढून ते सहज पलीकडे जातं. सांडव्याला बारीक जाळी लावा आणि ती रोज साफ करा. अझोलाने ती तासाभरात तुंबते. कोकणात तर पहिल्या मोठ्या पावसाआधी अझोला आणि हायड्रिलाचे टब छपराखालीच घ्या.

कंटाळा आला, परवडेना, घर बदललं म्हणून कासव मंदिराच्या तळ्यात किंवा नदीत सोडू नका. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे.

एवढी पाण्याची भांडी म्हणजे डास होणार. महापालिकेची माणसं नोटीस देतील.

रास्त शंका. हौदात कासव असलं तरी झाडांच्या कोपऱ्यात अळ्या होतात. अझोला-नाळीच्या टबात गप्पी मासे सोडा. हिवताप विभागाकडे मिळतात. कासवाच्या हौदात सोडलेले गप्पी कासवच खाईल. कुंड्यांखालच्या बशा ठेवूच नका.

काठावरची सगळी माती उकरून ठेवते. का?

मादी असेल तर अंडी घालायला जागा शोधत असते. नर नसतानाही मादी अंडी धरते, आणि जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकून जिवावर बेततं. म्हणून बाग आखताना एक फूट खोल, भुसभुशीत, किंचित ओलसर मातीचा उन्हातला तुकडा तिच्यासाठी रिकामा सोडा आणि तिथे काहीही लावू नका. हा तुकडा नसेल तर ती तुमचा रताळ्याचा वाफाच निवडेल. घातलेली अंडी उबवू देऊ नका. आणखी पिल्लांना घरं मिळत नाहीत.

पिल्लाला बाहेर ठेवून हाच पाला द्यावा का?

पिल्लाला अजून प्रथिनं जास्त लागतात, आणि बाहेर कावळा, घार, मांजर, घूस सगळेच टपलेले असतात. कवच तळहाताएवढं होईपर्यंत आतच ठेवा. अझोला मात्र आत्तापासून चिमूटभर टाकत जा, चव लागते.

हौदाचं पाणी भाजीला घालावं का?

नारळ, केळी, जास्वंद, शोभेची झाडं यांना जरूर घाला, उत्तम खत आहे. कच्ची खायची कोथिंबीर, पुदिना, मुळा, टोमॅटो यांना नको. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जंतू असू शकतात, कासव धडधाकट दिसत असलं तरी. अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळायला विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे, ती लहान मुलांना यापासून होणाऱ्या आजारामुळेच. हौदातलं काम झालं की साबणाने हात धुवा, आणि हौदाची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.

आम्ही परदेशात राहतो. हीच झाडं लावू का?

आधी तिथला कायदा बघा. अमेरिकेत नाळीची भाजी, हायड्रिला आणि आपल्याकडचा अझोला हे तिन्ही संघीय पातळीवर घातक तण म्हणून नोंदलेले आहेत. रताळ्याचा वेल, जास्वंद आणि न फवारलेलं डँडेलियन यांवर भागतं. युरोपीय संघाने २०१६ मध्ये हे कासवच आक्रमक प्रजातींच्या यादीत घातलं, त्यामुळे तिथे नवीन घेता येत नाही. ऑस्ट्रेलियात ते पाळायलाच बंदी आहे.

आठ दिवस गावाला जायचंय. बागेच्या भरवशावर सोडून जाता येईल?

मोठं, निरोगी कासव असेल तर अन्नाची अडचण नाही. निघताना रताळ्याचे लांब वेल पाण्यात सोडा, चरायची एक भरलेली कुंडी ठेवा, मूठ-दोन मूठ धुतलेला अझोला टाका. एकदम ढीग टाकू नका, पाणी नासेल. खरी अडचण पाण्याची पातळी, पंप बंद पडणं आणि शेडनेट उडणं ही असते. त्यासाठी रोज एकदा डोकावणारं माणूस हवं. त्या व्यक्तीला हौद दाखवून ठेवा, कर्दळीचा पंप कुठून चालू होतो ते सांगा, आणि प्रेमाने घरची पालकाची जुडी टाकू नका, हेही सांगा.